एकवीस दिवसांचे पंचांग

आमच्या हिमायतनगरच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, खिळ्याला, दरवर्षी ‘कालनिर्णय’ टांगलेले असते. १९७३ साली ही दिनदर्शिका प्रथम निघाली. सुरुवातीच्या वर्षांत ती मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांकडून मागवावी लागे, असे सासूबाई सांगतात. एकादशी, चतुर्थी, दुधाचा हिशेब, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख, सारे तिच्यावर टिपायचे, आणि वर्ष सरले की ती रद्दीत द्यायची, असा आमचा परिपाठ आहे. २०२३ सालचे कालनिर्णय मात्र आम्ही अजून दिलेले नाही. त्याच्या ऑगस्टपासून पुढच्या पानांवर तांबड्या, निळ्या आणि हिरव्या पेन्सिलीने ओढलेल्या रेघा आहेत. त्या रेघा माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, आजाराच्या आहेत. त्यांच्या संमतीने, किंबहुना त्यांच्याच आग्रहाने, मी हे लिहीत आहे.

त्या वर्षी जून महिन्यात स्नान करताना वहिनींच्या हाताला डाव्या स्तनात एक लहानशी गाठ लागली. तेव्हा त्यांचे वय चोपन्न होते. दुखत नव्हते, खुपत नव्हते. म्हणूनच दुर्लक्ष होण्याची भीती अधिक होती. पण वहिनी गणिताच्या शिक्षिका. शंका आली की ताळा करून पाहिल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. आठ दिवसांत तपासण्या झाल्या आणि कर्करोगाचे निदान हाती आले. जुलैमध्ये शस्त्रक्रिया झाली. स्तन न काढता गाठ तेवढी काढता आली. काखेतील एका ग्रंथीत रोगाचा अंश सापडला, अन्यत्र कोठेही नाही. “आजार लवकर हाती लागला आहे,” असे डॉक्टर म्हणाले.

या ‘लवकर’ शब्दाने आमची थोडी फसगत झाली. रोग लवकर सापडला म्हणजे उपचारही लवकर आटोपतील, अशी आम्ही समजूत करून घेतली. प्रत्यक्षात डॉक्टरांनी जो आराखडा दिला तो असा: प्रथम तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार वेळा औषध शिरेतून द्यायचे, मग दुसरे औषध दर आठवड्यास एकदा, असे बारा आठवडे, त्यानंतर पंधरा दिवसांचे किरणोपचार, आणि पुढे काही वर्षे रोज एक गोळी. शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही सारे कंबर कसून उभे होतो. पण शस्त्रक्रिया चार दिवसांची असते. आठ महिने कंबर कसून उभे राहता येत नाही. तेवढा काळ घर नुसते चालवावेच लागते, आणि ते कसे चालवावे हे आम्हांस कोणी सांगितलेले नव्हते.

मुंबई की हैदराबाद?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबापुढे अशा वेळी एक प्रश्न हटकून उभा राहतो. पुण्याहून, नागपुराहून, ठाण्याहून दूरध्वनी येऊ लागतात, “टाटाला न्या.” मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि तेव्हापासून मराठी मनात कर्करोग आणि ‘टाटा’ हे शब्द जोडीनेच येतात. आमच्या घरीही आठ दिवस याच विषयाचा काथ्याकूट चालला होता.

अखेर वहिनींनीच कागद पुढे ओढून हिशेब मांडला. चार, बारा आणि पंधरा मिळून एकतीस खेपा. एकतीस वेळा रुग्णालयात जायचे आणि परतून झोपायचे, ते कोठे? परक्या गावी भाड्याच्या खोलीत, की आपल्या बिछान्यावर? हैदराबाद या बाबतीत काही मागासलेले नाही. रेड हिल्सवरचे मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे सरकारी कर्करोग रुग्णालय १९५५ पासून रुग्णसेवा करीत आहे. एन. टी. रामाराव यांच्या पत्नीच्या स्मरणार्थ उभारलेले बंजारा हिल्सवरचे बसवतारकम् रुग्णालय २००० साली सुरू झाले. शिवाय अन्य मोठी रुग्णालयेही आहेत. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग जाळे उभे राहिले, ते उपचारांची रीत देशभर एकसारखी असावी एवढ्याचसाठी. आम्ही कागदपत्रे मुंबईस पाठवून एकदा मत घेतले. तेथूनही हाच आराखडा आला, आणि चर्चा संपली.

दुर्मीळ प्रकारचा आजार असेल, अवघड शस्त्रक्रिया असेल, तर मुंबईस अवश्य जावे. रुग्णास आणि सोबतच्या एकास रेल्वे भाड्यात सवलत देते. त्यासाठी रुग्णालयाचे ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र मात्र आधी घ्यावे लागते. पण दूरचे ते चांगले, या एकाच कारणाने रुग्णास घरापासून तोडू नये.

तीन रंगांच्या रेघा

पहिले औषध ऑगस्टच्या २४ तारखेस दिले गेले. तांबड्या लाल रंगाचे ते औषध नळीतून शिरेत उतरताना पाहून माझ्याच पोटात गोळा आला. लघवीस एकदोन दिवस लालसर होईल, घाबरू नका, असे परिचारिकेने आधीच बजावले होते म्हणून बरे.

त्या परिचारिकेनेच आम्हांस एकवीस दिवसांचे गणित समजावून दिले. पहिला आठवडा मळमळीचा आणि थकव्याचा. दुसरा आठवडा दिसायला बरा, पण आतून धोक्याचा, कारण त्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात आणि अंगात रोगजंतूंशी लढण्याचे बळ राहात नाही. तिसरा आठवडा उभारीचा. हा आठवडा संपतो न संपतो तोच पुढचे औषध येते. घरी येताच वहिनींनी पुतण्याच्या दप्तरातील रंगीत पेन्सिली मागवल्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर पहिल्या सात दिवसांखाली तांबडी, पुढच्या सातांखाली निळी आणि शेवटच्या सातांखाली हिरवी रेघ ओढली. “हे माझे पंचांग,” त्या म्हणाल्या.

या रेघांनी आमच्या घराला शिस्त लावली. तांबड्या दिवसांत पाहुणा नाही, फोडणीचा वास नाही, मोठा बेत नाही. मळमळीची गोळी उलटीची वाट न पाहता घड्याळ लावून द्यायची. दुखणे वाढल्यावर औषध देण्यापेक्षा ते वाढूच नये म्हणून देणे केव्हाही सोपे. सोबतच्या एका औषधाने पहिल्या दोनतीन रात्री झोप येत नसे. तेव्हा थोरले दीर उशाशी बसून जुन्या दिवाळी अंकांतील कथा वाचून दाखवीत. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला काही वाचून दाखवल्याचे मी कधी ऐकले नव्हते.

अन्नाची कथा निराळीच. वहिनींना पक्वान्न नको असे, पोळी नको असे, चहा लोखंडासारखा लागे. स्टीलचा चमचाही तोंडात नकोसा होई, म्हणून लाकडी चमचा आणला. पोटात ठरले ते तीनच पदार्थ: मऊ भात आणि मेतकूट, ज्वारीच्या कण्या, आणि शेजारच्या तेलुगू अम्मांकडून येणारा चिंचेचा चारू. भरल्या ताटाला त्यांचा हात लागत नसे, पण दर दोन तासांनी वाटीभर पुढे केले तर अर्धे तरी जाई. तोंड आले की मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि तेवढे दिवस चिंच-लिंबू बंद. निळ्या आठवड्यात कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळे वर्ज्य. पाणी उकळलेले, फळ सोलून खाण्याजोगे, आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येकाने आधी साबणाने हात धुवायचे.

आणि एक चूक, जी प्रेमापोटी सारेच करतात. आम्ही वहिनींच्या हातातील प्रत्येक काम काढून घेतले. चौथ्या दिवशी त्या रागावल्या. “मला पाटावरची बाहुली करून ठेवू नका. मला दिवसाकाठी एक तरी काम द्या, नाहीतर मी दिवसभर दुखण्याकडेच बघत बसेन.” तेव्हापासून घरखर्चाची वही त्यांच्याकडे राहिली, आणि हिरव्या दिवसांत संध्याकाळी पुतण्याचे गणितही. थकवा हा आळस नव्हे हे जसे आम्ही शिकलो, तसेच विश्रांती म्हणजे हद्दपारी नव्हे हेही शिकलो.

केस

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. औषधानंतर दोनतीन आठवड्यांत असे होते, हे ठाऊक होते. तरी ठाऊक असणे आणि कंगव्यात पाहणे यांत अंतर असतेच. दोन दिवस वहिनी गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी थोरल्या दिरांना सांगून घरीच उरलेले केस उतरवून घेतले.

आम्हांला भीती वाटत होती ती सासूबाईंची. त्यांचे वय ब्याऐंशी. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्यांचे बालपण गेले. घरात एक बालविधवा आत्या होती, तांबड्या अलवणातली, केशवपन केलेली. शुभकार्याच्या दिवशी ती माजघराबाहेर येत नसे. आणि आज, नवरा धडधाकट असताना, कपाळाला कुंकू असताना, त्यांची थोरली सून मुंडण केलेल्या डोक्याने समोर उभी होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन सुनेचा पदर डोक्यावरून पुरता ओढला, आणि त्या देवघरात जाऊन बसल्या. नंतरचे चार दिवस “पदर घे, पदर घे,” एवढेच त्या म्हणत. ते दटावणे नव्हते. पण वहिनींना ते केस जाण्यापेक्षाही अधिक लागत होते, हे मी पाहात होते.

गणेशचतुर्थीच्या आधी एका सकाळी वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालण्यास गेल्या आणि वाऱ्याने पदर उडाला. शेजारच्या गच्चीवर अम्मा होत्या. त्यांनी पाहिले, आणि चेहरा उजळून त्या म्हणाल्या, “तिरुपती वेळ्ळोच्चारा?” तिरुपतीला जाऊन आलात का?

मराठी वाचकांना हे विचित्र वाटेल. पण तेलुगू मुलखात स्त्रीचे मुंडण म्हणजे वेंकटेश्वराला वाहिलेला नवस. सधवा, कुमारिका, म्हाताऱ्या, साऱ्याच तिरुमलेस जाऊन केस अर्पण करतात, आणि परतलेल्या स्त्रीकडे लोक आदराने पाहतात. आमच्या हिमायतनगरातही बालाजीच्या देवळापाशी अशा बायका नेहमी दिसतात. इतकी वर्षे आम्ही त्या पाहात होतो, पण त्याचा आमच्याशी काही संबंध आहे असे कधी मनात आले नव्हते.

‘हो’ म्हणणे किती सोपे होते! गच्चीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, आणि वहिनींनी हो म्हणावे अशीच त्यांची इच्छा होती, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केले. पण वहिनी तेलुगूतच शांतपणे म्हणाल्या, “नाही अम्मा. मला कर्करोग झाला आहे. औषधाने केस गेले.”

अम्मा क्षणभर स्तब्ध झाल्या. मग कठड्याशी येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या की, त्यांच्या धाकट्या बहिणीलाही हेच झाले होते. त्या वेळी घरच्यांनी सर्वांना तिरुपतीचेच कारण सांगितले. आज ती बरी आहे, पण एवढ्या वर्षांत याविषयी तिला कोणाशी बोलता आलेले नाही. दुसऱ्या दिवशी ती बहीण स्वतः आली, आणि दोघी तासभर बोलत बसल्या. औषधाच्या दिवशी काय खावे, नखे काळी पडतात त्याला काय करावे, रात्री भीती वाटते ती केव्हा कमी होते, हे प्रश्न वहिनींनी आम्हांला कधी विचारलेच नव्हते.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी कुंकवाचा करंडा आणला, सुनेच्या डोक्यावरचा पदर आपल्या हाताने मागे सारला आणि तिच्या कपाळी कुंकू लावले. म्हणाल्या, “यंदा गौरीपुढे तूच बसायचे.”

तापाची रात्र

येथवर गोष्ट गोड आहे. पुढचा भाग लिहिताना मला आमच्या घराची चूक सांगावी लागणार आहे.

दुसरे औषध १४ सप्टेंबरला झाले होते. गौरीपूजन २२ तारखेस, म्हणजे निळ्या रेघेच्या पहिल्याच दिवसांत. भिंतीवर ते स्पष्ट लिहिलेले होते. पण सासूबाईंचे मन वळले होते, वहिनींच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तेज होते, आणि ‘एका दिवसाने काय होते’ असे आम्ही सर्वांनीच म्हटले. हळदीकुंकवाला तीसेक बायका येऊन गेल्या. वहिनी रेशमी साडी नेसून, डोक्याला मऊ रुमाल बांधून, त्यांच्यात बसल्या होत्या.

रात्री दहाला अंग कोमट लागले. ताप शंभर अंश आठ. घरात नेहमीची तापाची गोळी होती, ती दिली. दमणूक झाली असेल, सकाळी पाहू, असे ठरले. वास्तविक रुग्णालयाने दिलेल्या कागदावर पहिलेच वाक्य होते: ताप १००.४ अंशांवर गेला की दिवस असो वा रात्र, तत्काळ या. गोळी घेऊन वाट पाहू नका. कागद कपाटात घडी घालून ठेवलेला होता. पहाटे तीनला वहिनी थंडीने थडथड कापू लागल्या, ताप १०२ वर गेला, आणि आम्ही मोटार काढली. विसर्जनाच्या मंडपांतून वाट काढीत रुग्णालय गाठले तेव्हा त्यांना नीट बोलवतही नव्हते.

रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पाचशेच्याही खाली गेल्या होत्या. लगेच शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली. हळदीकुंकवामुळेच ताप आला असे डॉक्टर म्हणाले नाहीत. अशा वेळी रोगजंतू पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातले, आतड्यातलेच असतात. पण ते एक वाक्य बोलले, ते मी विसरणार नाही. “बायका आल्या याचा मला राग नाही. रात्रीचे पाच तास तुम्ही घरात बसलात, त्याचा आहे.” पेशी नसताना जंतूंना अटकाव करणारे कोणीच नसते, आणि गोळीने तापाचा आकडा तेवढा उतरतो. अशा तापात तासांना मोल असते.

वहिनी सहा दिवसांनी घरी आल्या. तिसरे औषध आठवडाभर पुढे गेले, आणि तेथून पुढे प्रत्येक औषधानंतर पेशी वाढवणारे इंजेक्शन सुरू झाले. सासूबाई मात्र स्वतःलाच दोष देऊन खंगू लागल्या. एका दुपारी वहिनींनी त्यांचा हात हाती घेऊन म्हटले, “आई, तुम्ही मला बाहेर बसवले म्हणून ताप आला नाही. आणि तुम्ही मला बाहेर बसवले नसते तर मी माजघरात राहून बरी झाले नसते.” त्यानंतर त्यांनी कपाटातला तो कागद काढून कालनिर्णयाशेजारी चिकटवला, त्यावर रुग्णालयाचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक ठळक लिहिला, आणि खाली तापमापक लटकवला. ज्यांच्या घरी असा उपचार चालू असेल त्यांनी या लेखातले बाकी सारे विसरले तरी एवढे विसरू नये.

पुढचा रस्ता

उरलेली वाट लांब होती, पण सरळ होती. साप्ताहिक औषधाने मळमळ नव्हती. मात्र बोटांच्या टोकांना मुंग्या येऊन ती बधिर होत. रांगोळीची चिमूट सुटेना, ब्लाउजची बटणे लागेनात. ते डॉक्टरांना वेळीच सांगितले म्हणून मात्रा सांभाळता आली. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात सुजू नये म्हणून भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम रोज चाले. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, सुई टोचायची नाही, घट्ट बांगडी भरायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

नोकरीचे काय, असे अनेकजण विचारतात. शरद पवारांना २००४ साली तोंडाचा कर्करोग झाला, तेव्हा मंत्रालयाचे काम करून दुपारी आपण उपचारास जात होतो, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. असे उदाहरण धीर देते, पण ते प्रत्येकाच्या गळ्यात मापदंड म्हणून बांधू नये. वहिनींनी आधी रजा घेतली आणि साप्ताहिक औषधांच्या काळात आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास शिकवले. त्यांच्या अंगाला तेवढेच झेपले.

खर्चाचा बोजा मोठा असतो. आमचा विमा होता म्हणून निभावले. ज्यांचा नाही, त्यांनी सरकारी रुग्णालयाचा मार्ग कमीपणाचा मानू नये, आणि पात्र कुटुंबांनी आरोग्यश्रीची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. २००७ साली संयुक्त आंध्र प्रदेशात सुरू झालेली ही योजना आज तेलंगणातही आहे आणि कर्करोगाचे उपचार तिच्यात बसतात.

भेटीस येणाऱ्यांनाही एक विनंती. आधी विचारून यावे, सर्दी-खोकला असल्यास येऊ नये, आणि आपल्या माहितीतले कोण या आजाराने गेले हे सांगू नये. काढे, भस्मे, चमत्कारिक पथ्ये सुचवू नयेत. आमच्याकडे अशा अकरा उपायांची यादी जमली होती. रुग्णालयास विचारल्याखेरीज एकही पुडी घरात उघडायची नाही, असा नियम करावा लागला. त्यापेक्षा मुलाला शाळेतून आणावे, औषध आणून द्यावे, एक वेळचा डबा पाठवावा.

किरणोपचार मार्चअखेर संपले. २०२४ सालचा गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. त्या दिवशी वहिनींच्या डोक्यावर बोटभर नवे केस आले होते, पूर्वीपेक्षा कुरळे. गुढीला साखरेची गाठी त्यांनीच बांधली. गाठ मारताना बोटे अजून अडखळत होती, म्हणून सासूबाईंनी खालून काठी धरून ठेवली.

रोज रात्रीची गोळी अजून चालू आहे, ठरलेल्या मुदतीने तपासणी चालू आहे, आणि तपासणीच्या आदल्या रात्री आमच्यापैकी कोणालाच नीट झोप येत नाही. यंदाच्या कालनिर्णयावर रंगीत रेघा नाहीत. तपासणीच्या तारखेभोवती एक लहान वर्तुळ तेवढे आहे, आणि त्याच चौकोनात, वहिनींच्या अक्षरात, गॅसचा सिलिंडर लावल्याची नोंद.